मदरबोर्डवरील फर्मवेअर : बिघाड, निदान आणि उपाय



संगणक ही आता आपल्या घरातील एक नित्याची वस्तू झाली आहे. परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, दुकानाचा हिशेब, आजी-आजोबांची छायाचित्रे, परगावी राहणाऱ्या भावंडांशी होणारे बोलणे, ही सर्व त्याच्याच आश्रयाने चालतात. अशा घरात एखाद्या दिवशी संगणकाच्या 'बायोस'ची नवी आवृत्ती चढविली जात असताना काही विघ्न येते. पडदा काळा होतो तो पुन्हा उजळत नाही. घरातील वडीलधारी माणसे हळहळून म्हणतात, "गेला संगणक!" आणि दोन-चार दिवसांत तो भंगाराच्या भावाने विकावयाची तयारी होते. एखाद्या कुटुंबाची वर्षभराची बचत अशा रीतीने मातीमोल होते.

आमचे म्हणणे असे की, या स्थितीतील संगणक बहुधा मेलेला नसतो. उठल्यावर प्रथम काय करावयाचे, याचाच त्याला विसर पडलेला असतो. आणि जे विसरले गेले ते पुन्हा शिकविता येते. ते कसे शिकवावे, कोणत्या क्रमाने शिकवावे, आणि मुळात विसरण्याचा प्रसंगच येऊ नये म्हणून काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. फर्मवेअर म्हणजे काय?

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचा मुख्य फलक. प्रोसेसर, रॅम, डिस्क, कळफलक, पडदा ही सर्व अंगे याच फलकाला जोडलेली असतात. वीज सुरू होते तेव्हा प्रोसेसर जागा होतो खरा, पण त्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नसते. रॅम रिकामी असते. विंडोज किंवा लिनक्स डिस्कवर असते, परंतु डिस्कशी बोलावे कसे, हेही त्याला कोणी तरी सांगावे लागते. म्हणून प्रोसेसरची घडणच अशी केलेली असते की, जाग येताच त्याने एका ठराविक पत्त्यावर जावे व तेथे लिहिलेली आज्ञा पाळावी. इंटेलच्या परंपरेतील प्रोसेसरांत हा पत्ता चार गिगाबाइटांच्या सीमेच्या अवघे सोळा बाइट अलीकडे आहे. तेथून पुढचा मार्ग दाखविणाऱ्या आज्ञा मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये साठविलेल्या असतात. या आज्ञासमूहास फर्मवेअर म्हणतात.

'फर्मवेअर' हा शब्द १९६७ साली आशर ऑप्लर यांनी वापरात आणला. हार्डवेअर म्हणजे हाताला लागणारे यंत्र, सॉफ्टवेअर म्हणजे सहज बदलता येणारी आज्ञावली, आणि या दोहोंच्या मध्ये असणारी, यंत्रातच घट्ट बसविलेली आज्ञावली ती फर्मवेअर. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील बायोस केवळ वाचता येणाऱ्या चिपमध्ये होते. ते बदलावयाचे तर चिपच काढून दुसरी बसवावी लागे. आजच्या मदरबोर्डांत बायोसची जागा यूईएफआय नावाच्या अधिक विस्तृत रचनेने घेतली आहे; पण लोकांच्या तोंडी 'बायोस' हाच शब्द राहिला आहे, आणि आम्हीही तोच वापरणार आहोत.

आपल्या उज्जयिनीतील वेधशाळा ज्याने पाहिली आहे, त्यास फर्मवेअरची कल्पना समजावयास अडचण पडू नये. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जयिनी या पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. आपल्या येथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत पाहा. तिची वरची कड पृथ्वीच्या अक्षाशी समांतर आहे, आणि म्हणून क्षितिजाशी तिचा कोन उज्जयिनीच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कला, ठेवलेला आहे. हे ज्ञान निरीक्षकाच्या वहीत नाही. ते भिंतीच्या बांधणीतच आहे. भिंत ती बोलून दाखवीत नाही, पण तिची सावली त्याच ज्ञानाप्रमाणे पडते.

आता असे समजा की, जयपूरच्या सम्राट यंत्राचा आराखडा आणून कोणी तशीच भिंत उज्जयिनीत उभारली. जयपूरचा अक्षांश सुमारे २६ अंश ५५ कला. चुना उत्तम, दगड उत्तम, कारागीर निष्णात; तरीही त्या यंत्राची वेळ येथे बरोबर येणार नाही. आराखडा सदोष नव्हता, तो दुसऱ्या गावाचा होता. मदरबोर्डचेही नेमके असेच आहे. एकाच कंपनीच्या, जवळजवळ एकाच नावाच्या दोन मदरबोर्डांचे फर्मवेअर भिन्न असते. एकाचे दुसऱ्यावर चढविले तर फाइल निर्दोष असूनही संगणक उठत नाही.

२. नवी आवृत्ती चढविताना नेमके काय घडते?

फर्मवेअरची चिप आकाराने नखाहूनही लहान असते. तिला बहुधा आठ पाय असतात, आणि आजच्या मदरबोर्डांवर तिची क्षमता सामान्यतः १६ किंवा ३२ मेगाबाइट असते. तिच्यातील स्मृतीचा प्रकार 'फ्लॅश' या नावाने ओळखला जातो. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनी तो शोधून काढला व १९८४ साली जगापुढे मांडला.

फ्लॅश स्मृतीचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण साऱ्या बिघाडाचे मूळ तेथेच आहे. या स्मृतीत १ या अंकाचा ० करता येतो. परंतु एकट्या ० चा पुन्हा १ करता येत नाही. त्यासाठी एक संपूर्ण कप्पा, म्हणजे निदान चार किलोबाइटांचा भाग, एकदम पुसावा लागतो. पुसलेल्या कप्प्यात सर्वत्र १ असतात. म्हणजे लहान मुलाने पाटीवरचे एखादे चुकलेले अक्षर बोटाने पुसून सुधारावे, तशी सोय येथे नाही. पाटीचा तेवढा भाग संपूर्ण पुसावयाचा आणि मग सर्व मजकूर नव्याने लिहावयाचा, हा एकच मार्ग आहे.

यावरून हे उघड होते की, नवी आवृत्ती चढत असताना काही काळ असा येतोच, की जुने पुसलेले असते आणि नवे अजून लिहिलेले नसते. नेमक्या त्याच वेळी वीज गेली तर चिपमध्ये अर्धा मजकूर उरतो. पुढच्या वेळी प्रोसेसर ठराविक पत्त्यावर जातो. तेथे एक तर काहीच नसते, किंवा अर्धे वाक्य असते. तो तेथेच थबकतो. मात्र प्रोसेसर, रॅम, डिस्क व चिपही या सर्व प्रकारात शाबूत राहिलेली असतात, हे विसरू नये.

बिघाडाची प्रमुख कारणे पाच सांगता येतील. पहिले, मध्येच वीज जाणे. मालव्यातील पावसाळ्यात एखादा गडगडाट झाला की घरोघरचे दिवे मालवतात, हे येथील रहिवाशांना सांगावयास नको. दुसरे, दुसऱ्या मॉडेलची फाइल चढविणे. तिसरे, फाइल उतरवून घेताना ती अपुरी येणे किंवा पेनड्राइव्ह सदोष असणे. चौथे, विंडोजमधूनच नवी आवृत्ती चढविताना विंडोज मध्येच अडकून बसणे. पाचवे, नवी आवृत्ती नीट चढलेली असूनही जुन्या मांडणीच्या नोंदी तिच्याशी न जुळणे.

यांखेरीज एक कारण हेतुपुरस्सर अपकाराचेही होऊन गेले. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ साली 'सीआयएच' नावाचा विषाणू लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी जगभरातील असंख्य संगणकांत तो जागा झाला. त्याने डिस्कवरील आरंभीचा मजकूर नष्ट केला आणि कित्येक मदरबोर्डांवरील बायोसही बिघडवून टाकले. चिप बदलण्याची वेळ अनेकांवर आली. त्यानंतरच्या काळात फर्मवेअर लिहिण्याच्या मार्गावर कुलुपे बसली, आणि आजचे मदरबोर्ड निर्मात्याची सही नसलेली फाइल बहुधा स्वीकारीतच नाहीत.

३. निदान

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. येथेही प्रथम पाहावे, मग हात लावावा.

सर्वांत आधी थांबावे. हा उपदेश सामान्य वाटेल, पण तो फार मोलाचा आहे. नवी आवृत्ती चढल्यानंतरच्या पहिल्या आरंभी मदरबोर्ड रॅमची नव्याने तपासणी व जुळवणी करतो. या वेळी पडदा काळाच असतो. विशेषतः डीडीआर-५ जातीच्या रॅममध्ये या कामास कित्येक मिनिटे लागू शकतात, आणि मध्ये संगणक आपण होऊन दोन-तीन वेळा बंद-चालूही होतो. पुष्कळ माणसे याच वेळी घाबरून वीज तोडतात आणि नसलेला बिघाड ओढवून घेतात. पडद्यावर लेखनाची प्रगती दिसत असेल तोवर तर बटणास स्पर्शही करू नये. काळ्या पडद्यापुढे निदान पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसावे.

त्यानंतरही काही झाले नाही, तर पुढील खुणा पाहाव्यात.

पंखे फिरतच नाहीत आणि एकही दिवा लागत नाही, तर दोष फर्मवेअरचा नसून विजेचा असण्याचा संभव अधिक. भिंतीवरील बटण, तार, पॉवर सप्लायच्या मागील खटका ही प्रथम तपासावीत.

पंखे फिरतात, पण पडदा काळा. बीपचा आवाज नाही. कळफलकावरील नम लॉकचा दिवा कळ दाबूनही बदलत नाही. ही अर्धवट फर्मवेअरची ठळक लक्षणे आहेत. पंखे काही क्षण फिरून थांबतात व पुन्हा फिरू लागतात, हे चक्र अखंड चालते, हेही त्याच जातीचे लक्षण आहे.

बीप वाजतात, किंवा मदरबोर्डवरील प्रोसेसर, रॅम, व्हीजीए व बूट या नावांच्या लहान दिव्यांपैकी एखादा लागून राहतो, तर फर्मवेअर निदान अंशतः जिवंत आहे असे समजावे. ते आपल्या परीने तक्रार सांगत असते. बीपांची संख्या मोजून मदरबोर्डच्या पुस्तिकेतील कोष्टकाशी ताडून पाहावी.

पडदा उजळतो, बायोसचे पान उघडते, पण विंडोज येत नाही, तर फर्मवेअर सुस्थितीत आहे. दोष केवळ मांडणीच्या नोंदींत आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

४. उपाय : क्रम आणि त्याचे कारण

उपायांचा क्रम मनास येईल तसा ठेवून चालत नाही. जे कृत्य परत फिरविता येते ते आधी करावे. जे परत फिरविता येत नाही ते सर्वांच्या शेवटी करावे. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदल व त्याचा परिणाम वहीत लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र सुरू झाले, तरी कोणत्या बदलाने सुरू झाले हे कळत नाही; म्हणजे यंत्र सुधारते, पण आपले ज्ञान वाढत नाही.

कामास हात घालण्यापूर्वी मुख्य तार भिंतीतून काढावी. घरातील मोठ्या माणसास जवळ बसवावे. अंगावरील स्थिर वीज चिपांस घातक असते, म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावून मगच आतील भागांस स्पर्श करावा. पॉवर सप्लायची पेटी मात्र कोणीही, कधीही उघडू नये; तार काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरांत जीवघेणा विद्युत्भार उरू शकतो.

पहिला उपाय, जुन्या नोंदी पुसणे. तारीख, वेळ आणि वापरणाऱ्याने निवडलेली मांडणी यांच्या नोंदी टिकविण्याकरिता मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक तीन व्होल्टची बॅटरी असते. मुख्य तार काढून, संगणक सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्यावी. मग ही बॅटरी काढून दहा-पंधरा मिनिटांनी परत बसवावी. पुष्कळ मदरबोर्डांवर याच कामासाठी 'क्लिअर सीमॉस' असे लिहिलेले दोन खिळे किंवा बटण असते. त्याचा वापर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे करावा. वर सांगितलेल्या पाचव्या कारणाने अडलेला संगणक एवढ्यानेच सुरू होतो. अर्धवट लिहिलेले फर्मवेअर मात्र याने पूर्ण होत नाही, हे लक्षात घ्यावे. बॅटरी नोंदी सांभाळते. मुख्य आज्ञा फ्लॅशमध्ये असतात, आणि फ्लॅशला बॅटरीची गरज नसते.

दुसरा उपाय, परिवार कमी करणे. जास्तीच्या डिस्क, यूएसबीची उपकरणे, वेगळे ग्राफिक्स कार्ड ही काढून ठेवावीत आणि रॅमची एकच पट्टी ठेवून पाहावे. ज्या अंगामुळे नवी आवृत्ती अडते ते अशा रीतीने उघडे पडते. प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसेल, तर कार्ड काढल्यावर पडदा काळाच राहील, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा उपाय, मदरबोर्डच्या अंगचा बचाव. निर्मात्यांनीही या संकटाचा विचार केलेला असतो. कित्येक मदरबोर्डांवर फर्मवेअरच्या दोन चिपा असतात. गिगाबाइट कंपनीची 'ड्युअल बायोस' ही योजना याच प्रकारची आहे. मुख्य प्रत बिघडली की राखीव प्रतीवरून ती पुन्हा लिहिली जाते. दुसऱ्या प्रकारात मदरबोर्डवर एक स्वतंत्र लहान नियंत्रक असतो. तो प्रोसेसरच्या मदतीवाचून पेनड्राइव्हवरील फाइल वाचून चिपमध्ये लिहितो. आसुस कंपनी यास 'बायोस फ्लॅशबॅक', एमएसआय 'फ्लॅश बायोस बटण' आणि गिगाबाइट 'क्यू-फ्लॅश प्लस' म्हणते.

याची रीत अशी : दुसऱ्या चालू संगणकावर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलची फाइल उतरवावी. पेनड्राइव्ह फॅट-३२ या पद्धतीने सज्ज करून ती फाइल त्यात ठेवावी व पुस्तिकेत सांगितलेलेच नाव तिला द्यावे. नावात एका अक्षराचा फरक झाला तरी नियंत्रक तिला ओळखीत नाही, आणि लोकांचे प्रयत्न बहुधा येथेच फसतात. मग पेनड्राइव्ह नेमून दिलेल्या यूएसबी खाचेत घालून, पॉवर सप्लायची वीज जोडलेली ठेवून, ते विशिष्ट बटण दाबावे. दिवा लुकलुकू लागतो. तो पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काम पुरे झाल्याची खूण देईपर्यंत कशालाही हात लावू नये.

लॅपटॉपांत अशी बटणे नसतात, पण कळांची योजना असते. एचपीच्या कित्येक लॅपटॉपांत विंडोजची कळ व बी, आणि डेलच्या कित्येक लॅपटॉपांत कंट्रोल व एस्केप दाबून ठेवून संगणक सुरू केल्यास फर्मवेअर परत मिळविण्याचे पान उघडते. हे शक्य होते, कारण चिपच्या एका कोपऱ्यात आरंभीचा छोटा भाग निराळा राखलेला असतो आणि नवी आवृत्ती चढविताना त्यास सहसा हात लावला जात नाही. घर पडले तरी देवघर उभे राहावे, तसा हा भाग उभा असतो.

चौथा उपाय, चिपमध्ये बाहेरून लिहिणे. वरील सर्व उपाय थकल्यावरच याचा विचार करावा. हे काम जाणत्या दुरुस्तीकाराचे आहे. परंतु तो काय करतो हे ठाऊक असले म्हणजे ग्राहक म्हणून आपण योग्य ते प्रश्न विचारू शकतो. 'प्रोग्रामर' नावाचे एक लहान उपकरण चिमट्याच्या साहाय्याने चिपच्या आठ पायांस जोडले जाते. प्रथम चिपमधील उरलेला मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती ताडून पाहाव्या लागतात. त्या तंतोतंत जुळल्या तरच चिमटा नीट बसला असे म्हणता येते. ही प्रत जपून ठेवणे अगत्याचे आहे, कारण संगणकाचा अनुक्रमांक, जाळ्यातील पत्ता व अन्य खास नोंदी कित्येकदा याच चिपमध्ये असतात आणि कोऱ्या फाइलने त्या कायमच्या पुसल्या जातात. शिवाय निर्मात्याची फाइल कित्येकदा वेष्टनासहित असते. ती तशीच लिहिली तर चालत नाही. आणखी एक गोष्ट : काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात. त्यांस ३.३ व्होल्टचे उपकरण जोडल्यास वाचविता येणारी चिप जळून जाते. "लिहिण्यापूर्वी जुनी प्रत काढून ठेवाल ना? चिप किती व्होल्टची आहे ते पाहिलेत ना?" एवढे दोन प्रश्न विचारले तरी समोरचा दुरुस्तीकार कितपत जाणता आहे, ते आपल्यास कळून येईल.

संगणक हमीच्या मुदतीत असेल, तर मात्र तिसऱ्या उपायानंतर थांबून निर्मात्याच्या सेवाकेंद्राकडे जाणे श्रेयस्कर.

५. डिस्कवरील ठेव

पुष्कळ कुटुंबांस संगणकाच्या किमतीपेक्षा त्यातील छायाचित्रांची व कागदपत्रांची चिंता अधिक असते, आणि ती रास्त आहे. फर्मवेअर मदरबोर्डच्या चिपमध्ये असते; आपली ठेव डिस्कमध्ये असते. फर्मवेअर बिघडल्याने डिस्कवरील मजकूर पुसला जात नाही. सामान्यतः ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली की सर्व मजकूर मिळतो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. आजकाल विंडोजमध्ये 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने डिस्कवरील मजकूर कुलूपबंद केलेला असतो. पुष्कळदा मालकास याची कल्पनाही नसते. या कुलुपाची किल्ली मदरबोर्डवरील टीपीएम या सुरक्षा-विभागाशी बांधलेली असते. फर्मवेअर बदलले की तो विभाग साशंक होतो आणि ४८ अंकांची परतकिल्ली मागतो. ती किल्ली जवळ नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही आतील मजकूर कोणासही उघडता येत नाही. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. तेव्हा आजच, संगणक सुखरूप असताना, ती पाहून कागदावर उतरवून ठेवावी. आमच्या या लेखातील एकच गोष्ट वाचकांनी आचरणात आणावयाची असेल, तर ती ही असावी. मदरबोर्ड नवा विकत मिळतो. आजोबांचे छायाचित्र मिळत नाही.

संगणक सुरू झाल्यावर विंडोज न आल्यास घाईने ते नव्याने चढवू नये. फर्मवेअर नवे झाले की डिस्कच्या जोडणीची रीत व आरंभाचा क्रम या नोंदी मूळपदावर जातात. पूर्वी जी मांडणी होती तीच पुन्हा निवडली की विंडोज पुष्कळदा जसेच्या तसे परत येते.

तारीख व वेळही लावून घ्यावी. बॅटरी काढल्याने घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकांची व सरकारी कामांची संकेतस्थळे उघडत नाहीत. कारण त्यांची सुरक्षापत्रे ठराविक मुदतीचीच असतात. अर्थात घड्याळ लावताना सम्राट यंत्राकडे पाहून चालणार नाही! ते यंत्र उज्जयिनीची स्थानिक वेळ दाखविते, आणि भारतीय प्रमाण वेळ ८२ अंश ३० कला या रेखांशाची आहे. आपला रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने, रेखांशाच्या फरकापोटीच सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते. सूर्याच्या गतीमुळे ऋतुमानाप्रमाणे होणारा फरक त्यात आणखी मिळवावा लागतो.

६. आधीच घ्यावयाची काळजी

नवी आवृत्ती आली म्हणून ती चढविलीच पाहिजे असे नाही. सुरक्षिततेतील एखादे छिद्र बुजविणे, नवा प्रोसेसर बसविणे, किंवा प्रत्यक्ष जाणवणारा एखादा दोष दूर करणे, यांपैकी काही कारण असेल तर ती जरूर चढवावी. निर्माता प्रत्येक आवृत्तीबरोबर तिच्यातील बदलांची टीप देत असतो. ती वाचून मगच निर्णय घ्यावा.

निर्णय झाल्यावर मदरबोर्डचे पूर्ण नाव फलकावरच वाचून वहीत लिहावे. पुष्कळ फलकांवर नावाशेजारी आवृत्तीचा अंक असतो. तोही सोडू नये. जुनी मांडणी व कुलुपाची परतकिल्ली लिहून घ्यावी. बिटलॉकर चालू असल्यास ते तात्पुरते स्थगित करावे. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि चार्जर जोडलेला असावा. मेजावरच्या संगणकास यूपीएस असावा, आणि त्याची बॅटरी प्रत्यक्ष भार पेलते की नाही हे आधी पाहावे. शक्य तेथे विंडोजमधून न चढविता बायोसच्या आतील सोयीनेच चढवावे. आणि आभाळ भरून आले असेल त्या दिवशी हे काम मुळीच काढू नये.

७. दूरचे एक उदाहरण

हीच निदानाची शिस्त किती दूरवर उपयोगी पडते, याचे एक उदाहरण देऊन हा लेख पुरा करू. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान १४ नोव्हेंबर २०२३ पासून पृथ्वीकडे अर्थहीन संकेत पाठवू लागले. ते तेव्हा सुमारे २४ अब्ज किलोमीटरांवर होते. संदेश तेथे पोचावयास साडेबावीस तास लागत, आणि उत्तर यावयास तितकेच. तेथे कोणी जाऊन चिप बदलणार नव्हते. नासाच्या अभियंत्यांनी प्रथम यानातील संगणकाची सर्व स्मृती वाचावयास मागविली आणि ती जुन्या प्रतीशी ताडून पाहिली. एक चिप निकामी होऊन स्मृतीचा सुमारे तीन टक्के भाग गेला आहे, असे आढळले. मग त्या भागातील आज्ञावलीचे तुकडे करून ते अन्य मोकळ्या जागांत बसविण्यात आले. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला तुकडा पाठविला गेला आणि २० एप्रिलला यानाने आपल्या प्रकृतीची सुबोध वार्ता पुन्हा कळविली.

आधी वाचन, मग तुलना, मग लेखन, आणि प्रत्येक पायरीनंतर धीराने वाट पाहणे, हाच क्रम त्यांनी पाळला. आपल्या मेजावरील संगणकास तोच क्रम लागू आहे.

आपली वेधशाळाही एके काळी जीर्ण झाली होती. १९२३ साली माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या ज्योतिर्गणितज्ञाकडे तिची व्यवस्था आली. पडक्या भिंतींकडे 'गेली ती' म्हणून पाठ न फिरविता, त्यांचे गणित समजून घेऊन त्यांना पुन्हा वेध घेण्याजोगे करणारी माणसे या गावात होऊन गेली. बिघडलेल्या वस्तूकडे पाहण्याची ही दृष्टी विद्यार्थ्यांनी अंगी बाणवावी. वस्तू टाकून देणे कोणासही जमते. ती कोठे अडली आहे हे शोधण्यासाठी विद्या लागते, आणि विद्येबरोबर थोडा धीरही लागतो.